बदाम राहू द्या, आधी मोतीबिंदू काढा

दरवर्षी २१ सप्टेंबर आला की अल्झायमरवरचे सल्ले सुरू होतात: बदाम खा, शब्दकोडी सोडवा, रोज चाला. सुरगाण्याच्या पाड्यावरच्या आजीला यातलं काय सांगणार? नागलीच्या भाकरीवर ती डोंगर चढते-उतरते, आणि कोडं सोडवायला अक्षरओळख कुठंय?

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ती सगळी दूर झाली तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळतील किंवा लांबतील, असा अंदाज आहे. वय आणि आनुवंशिकता हाताबाहेरची. रक्तदाब, मधुमेह, विडी आपल्याला पाठ आहेत. पण त्यांच्याहून मोठा वाटा कमी ऐकू येण्याचा (७ टक्के), शाळा न मिळण्याचा आणि एकटेपणाचा (प्रत्येकी ५). म्हणजे जी शाळा पाड्यापर्यंत पोचलीच नाही, तिचा हिशेब आता आजीच्या खात्यावर!

अर्थात यातही मेख आहे. स्मृतिभ्रंश तपासायच्या चाचणीत निरक्षर माणसाला तारीख विचारली, वाक्य लिहायला लावलं, तर धडधाकट मेंदूही नापास होईल. हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी ही चाचणीच बदलली: आत्ता सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ? लिहू नका, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. तिथल्या खेड्यांत, निरक्षरता भरपूर असूनही, अल्झायमरचं प्रमाण जगात अगदी कमी निघालं. उलट अलीकडच्या 'लासी-डॅड' या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आढळला; शहरांपेक्षा खेड्यांत जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. त्यामुळे 'खेड्यातली साधी राहणी म्हणजे कवचकुंडलं' हे मला पटत नाही.

आपल्याकडे अजून 'म्हातारचळ' म्हणून विषय संपतो. त्यातच गोडी छाटणीला मुलं-सुना दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात. म्हातारी माणसं पाड्यावर उरतात. दिसत नाही, ऐकू येत नाही, मग बोलणार कुणाशी?

'लॅन्सेट'च्या यादीत २०२४ मध्येच नव्यानं आलेलं एक कारण म्हणजे उपचाराविना गेलेली नजर. सिएटलच्या सुमारे ३,००० ज्येष्ठांच्या अभ्यासात मोतीबिंदू काढलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास ३० टक्के कमी दिसला. शस्त्रक्रियेमुळेच तो घटला, हे यातून सिद्ध होत नाही. पण नजर तर येतेच. सरकारी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया फुकट होते. सोबतीला येणाऱ्याची बुडालेली मजुरी मात्र कोण भरून देणार?