स्पितीच्या पायवाटा – ९ : देवळावरचं माळवद

लांगझाहून हिक्किममार्गे कोमिकला चालत जायचं, असं मागच्या रविवारी ठरलं होतं. ती वाट पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मधेच लातूर जिल्ह्यातून एक पत्र आलं आणि मी त्यातच गुंतलो. पत्र लिहिणाऱ्यांचं बालपण माळवदाच्या वाड्यात गेलं आहे. ते विचारतात, ‘दर वर्षी मृगाच्या आधी आम्ही वर पांढरी माती टाकायचो, तरी दोन-चार ठिकाणी पातेली लावावी लागायचीच. मग ताबोचं ते मातीचं देऊळ हजार वर्षं कसं टिकलं?’

प्रश्न माळवदाखाली झोपलेल्या माणसाचा आहे, म्हणून तो नेमक्या जागी बोट ठेवतो. स्पितीतल्या ताबो गावच्या या बौद्ध मठाला ‘हिमालयातलं अजिंठा’ म्हणतात. चित्रांच्या दृष्टीनं ते शोभतंही. पण अजिंठ्याच्या डोक्यावर सह्याद्रीचा अख्खा कातळ आहे. ताबोत इ.स. ९९६ साली पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ यानं जे उभं केलं, त्याच्या भिंती मातीच्या, गिलावा मातीचा, भिंतीवर माणसाच्या उंचीच्या वर बसवलेल्या तीसहून अधिक मूर्ती मातीच्या आणि छप्परही मातीचंच.

हे छप्पर बांधायची रीत आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडे सागाच्या तुळया, वर किलच्या, त्यावर पाला आणि मग पांढरी माती. तिथे तुळया बहुधा पॉप्लरच्या, किलच्यांच्या जागी विलोच्या सरळ फांद्या, वर झुडपांचा थर आणि मग तुडवून बसवलेली चिकण माती. पाणी काढून द्यायला लाकडी पन्हळ आणि उजेडाला मधोमध साणं. मराठवाड्यातला जुना गवंडी स्पितीत गेला, तर अर्ध्या दिवसात तिथल्या लोकांबरोबर कामाला लागेल.

फरक आहे तो वरून काय पडतं यात. दक्षिणेकडच्या उंच रांगा मोसमी ढगांना अडवतात, त्यामुळे स्पितीत पाऊस अगदी थोडा. जे येतं ते बहुतेक बर्फाच्या रूपानं. बर्फ लगेच मुरत नाही, पडून राहतं. तेवढ्या अवधीत माणूस वर चढून लाकडी फावड्यानं ते खाली लोटतो आणि माती कोरडी राहते. घराच्या छपरावर हे होतं, गोम्पाच्या, म्हणजे मठाच्याही छपरावर होतं.

ही गोष्ट मला कळली ती स्पितीतल्याच ल्हालुंग गावात. जुलैचे दिवस होते, रात्री भुरभुर पाऊस झाला होता. पहाटे डोक्यावर पावलं वाजली, म्हणून खाचा पाडलेल्या ओंडक्याच्या शिडीनं वर गेलो. घरातले मेमे, म्हणजे आजोबा, अनवाणी फिरत होते, पेरणी झालेल्या रानात जपून पाय टाकावा तसे. टाच जराशी रुतली की थांबायचे, वाकायचे. तेलाच्या जुन्या डब्यात बारीक भुसा घालून मळलेली माती होती. ती तिथे थापून टाचेनं दाबायची आणि वरून गुळगुळीत दगड फिरवायचा. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरून तळवा छपरावर टेकवला. एका जागी गार, ओलसर. वीतभर पलीकडे कोरडं. मोडक्या हिंदीत म्हणाले, ‘बर्फ अच्छा. बर्फ रुकता है, फिर हम फेंकता है. बारिश नहीं रुकता.’

तेव्हा लातूरकरांना उत्तर असं, की ताबोचं छप्पर हजार वर्षं टिकलेलंच नाही. ते पुन्हा पुन्हा केलं गेलं. टिकलं ते त्याच्या खालचं. टिकलं, कारण ताबोत पूजा आजवर चालू आहे आणि पूजा चालू म्हणजे वर चढणारं माणूस आहे. आत अंधार असतो, फोटोला बंदी आहे; टॉर्च हळूहळू भिंतीवरून न्यावा लागतो. दक्षिणेच्या भिंतीवर गुरूच्या शोधात निघालेला सुधन दिसतो आणि उत्तरेच्या भिंतीवर बुद्धचरित्र. १९ जानेवारी १९७५ च्या ६.८ तीव्रतेच्या भूकंपात ताबोचं नुकसान झालं, तरी हे सगळं वाचलं. मूर्तीच्या मातीच्या बोटांवर उजेड पडतो तेव्हा मला दर वेळी त्या मूर्तीइतकीच वर फावडं घेऊन उभ्या असलेल्या माणसाची आठवण येते.

काळजी आता पावसाची आहे. ऑगस्ट २०१० मधल्या ढगफुटीनं लेहमध्ये काय केलं ते आपण पाहिलं. तसा पाऊस ताबोवर किंवा ल्हालुंगच्या सेरखांग या देवळावर एक रात्रभर पडला, तर टाचेनं दाबलेली माती पुरणार नाही. गावांत काही घरांवर आता पत्रा दिसतो. त्याला मी नाक मुरडत नाही. माळवदाचं कौतुक करायला माझं काय जातं, गळकं घर त्यांचं आहे. देवळांचा प्रश्न मात्र वेगळा. माती वर चढवत गेलं तर भार वाढून तुळया वाकतात, आणि वाकलेल्या तुळईखाली ९००-१००० वर्षांचा गिलावा आहे.

चालणाऱ्यांनी यातून एक गोष्ट मनावर घ्यावी. धनकर हे गाव उतारावर आहे. पिन आणि स्पिती या नद्यांचा संगम दिसतो त्या पायवाटेवर खालच्या घराचं छप्पर थेट पायाच्या पातळीला येतं. ते सपाट असतं, कडेला सरपणाच्या मोळ्या रचलेल्या असतात आणि फोटोला याहून चांगली जागा नाही असं वाटतं. पहिल्या खेपेला मीही बूट घालून त्यावर गेलो होतो. खालून एक बाई ओरडत बाहेर आल्या आणि मला त्यांचा राग अजिबात समजला नाही. बुटाच्या खाचांनी कोरडी माती उकलते, त्या भेगेत पुढचं पाणी शिरतं. फोटो वाटेवरूनच काढा.

उरलेला वेळ तळ्याला द्या. गावामागून पायवाट तासाभरात सुमारे ४१०० मीटरवरच्या धनकर तळ्याशी पोचते. चढ सरळ आहे, सावली औषधालाही नाही, पाणी खालूनच भरून घ्यायचं. धनकरचा गोम्पा मात्र तळ्याच्या आधी पाहा, म्हणजे वर गेल्यावर मागे वळून त्याचं छप्पर ओळखता येईल. मातीच्या सुळक्यांवर मातीचाच एक चौकोन, आणि कडेनं फडफडणाऱ्या पताका.

पुढच्या रविवारी लांगझा, नक्की. तिथल्या ओढ्यात सापडणाऱ्या दगडातल्या शंखांबद्दल, आणि ते देवघरातल्या शाळिग्रामाचे कोण लागतात, त्याबद्दलही लिहायचं आहे.