स्वॅबमधल्या विषाणूची नोंद कुठे जाते?

एप्रिल २०२१ प्रताप नगरात कुणी विसरलं नसेल. घरोघरी ताप, ऑक्सिजन सिलिंडरसाठी धावाधाव, रेमडेसिव्हिरसाठी रात्रभर फोन. स्वॅबचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ की ‘निगेटिव्ह’, एवढंच आपल्याला कळायचं. काही मोजक्या नमुन्यांचा प्रवास मात्र तिथे थांबला नाही. त्यांतल्या विषाणूचा सुमारे ३० हजार अक्षरांचा जनुकीय क्रम वाचून तो ‘जिसेड’ या जागतिक माहिती-भांडारात ठेवला गेला.

महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन विशिष्ट जनुकीय बदल डिसेंबर २०२०पेक्षा वाढले असून ते १५ ते २० टक्के नमुन्यांत आढळतात, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च २०२१ रोजी सांगितलं. याच कुळातल्या एका शाखेला ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ‘डेल्टा’ नाव दिलं. इथल्या नोंदी भांडारात होत्या, म्हणूनच परदेशातल्या प्रयोगशाळांना आपल्याकडचा विषाणू त्यांच्याशी ताडून पाहता आला.

पण कष्टाने मिळवलेली माहिती कुणी फुकट का द्यावी? हा वाद जुना आहे. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. त्याच सुमारास इंडोनेशियाने आपले नमुने बाहेर द्यायला नकार दिला. आमच्या विषाणूपासून लस बनणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही, ही त्यांची तक्रार होती. आणि ती रास्तच होती. त्या वादानंतर २००८मध्ये जिसेड सुरू झालं. अट अशी, की माहिती वापरणाऱ्याने नमुना घेणाऱ्या आणि क्रम वाचणाऱ्या, दोन्ही प्रयोगशाळांचा उल्लेख करायचा.

व्यवहारात हजारो नोंदी वापरणाऱ्या शोधनिबंधात हा उल्लेख शेवटच्या लांबलचक तक्त्यात जातो. तो वाचतो कोण? बढतीच्या वेळी तर तो मोजलाही जात नाही. आता वापरलेल्या नोंदींच्या संचाला एकच कायमस्वरूपी क्रमांक मिळतो आणि निबंधाच्या संदर्भसूचीत तो देता येतो. तरी जिसेडमध्ये नाव नोंदवून, अटी मान्य करूनच शिरता येतं, याबद्दल काही शास्त्रज्ञांची नाराजी आहे. अमेरिकेच्या ‘जेनबँक’मध्ये अशी आडकाठी नाही.

आणि रुग्ण? त्याचं नाव नोंदीत नसतं. ठिकाण, नमुन्याची तारीख, प्रयोगशाळांची नावं अशी माहिती असते.