गळतीच्या मागावर

सकाळी 7.00

जुलैत रात्रभर पाऊस झाला की सकाळी फोन उघडताच काळ्या-हिरव्या डागांचे फोटो दिसतात. मी इमारतींच्या गळतीची तपासणी करून अहवाल देते. ठाणे, घोडबंदर रस्ता, मिरा रोड, कधी पनवेल. बहुतेकांनी फोटो डागाला नाक लावून काढलेला असतो. बुरशी आहे एवढं त्यावरून कळतं, पण ती कुठल्या भिंतीवर आणि खिडकीपासून किती लांब आहे ते कळत नाही. मग माझं ठरलेलं उत्तर जातं: मागे सरका, कोपरा आणि छत दिसू द्या, मग जवळून काढा. फोटो कापू नका, मूळ फाइल जपून ठेवा, तिच्यात तारीख असते.

दुसरा प्रश्न ठरलेला: ‘मॅडम, ही काळी बुरशी विषारी आहे का?’ फोटोवरून बुरशीची जात सांगता येत नाही, आणि सांगून फारसा उपयोगही नाही. ओलसर, बुरशी लागलेल्या घरात राहणाऱ्यांना खोकला, दमा, श्वासाचे त्रास जास्त होतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शक पुस्तिकेत सांगितलंच आहे. घरात बाळ असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि त्यांचा कागद जपून ठेवा, एवढं मी सांगते. बिल्डरशी भांडताना मात्र बुरशीपेक्षा पाणी महत्त्वाचं. ते कुठून येतं हे ठरलं, की जबाबदार कोण तेही बरंचसं ठरतं.

सकाळी 9.15

घोडबंदर रस्त्यावरचा टॉवर, एकोणिसावा मजला. नवरा-बायको दोघं नोकरी करणारी, दीड वर्षाची मुलगी, आणि तिला सांभाळायला आलेली आजी. आजींनी दारातच सांगितलं, ‘कपाट उघडलं की कुबट वास येतो बघा, माझी पैठणी गेली.’

भिंत बघण्याआधी मी कागद मागते: ताबापत्र, नोंदणीकृत करार, आणि बिल्डरला आजवर जे काही लिहिलं असेल ते. ताबा ऑक्टोबर 2024 चा. पहिल्याच पावसाळ्यात, जून 2025 मध्ये, पश्चिमेच्या बेडरूममध्ये डाग आले. दिवाळीआधी बिल्डरच्या माणसांनी खरवडून बुरशीरोधक रंग लावून दिला. यंदा जूनमध्ये डाग परत, रंग परत. आता तिसऱ्यांदा. तक्रारी कुठे केल्या? ‘साइट ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर.’ तो नंबर ज्या मुलीकडे होता, ती नोकरी सोडून गेली आहे. ईमेल एकच, तोही ‘कृपया लक्ष घाला’ एवढाच. तरी तो आहे, आणि त्यावर तारीख आहे. व्हॉट्सॲपचं संभाषणही एक्स्पोर्ट करून ठेवायला सांगितलं.

सकाळी 10.00

संयुक्त पाहणी म्हणून बिल्डरचा सुपरवायझरही आला. तरुण, नम्र, आणि पाठ केलेलं बोलणारा: ‘मॅडम, ही मंडळी खिडक्या बंद ठेवतात, एसी लावतात, कपडे घरात वाळत घालतात. हे कंडेन्सेशन आहे.’

हे बोलणं उडवून लावायचं नसतं, कारण कधी कधी ते खरं असतं. हवेतली वाफ थंड भिंतीवर बसते, कपाटामागे वारा फिरत नाही, आणि बुरशी धरते. तसं असेल तर त्यात बिल्डरचा दोष थोडाच. म्हणून परवा माझा सहायक येऊन भिंतीवर ॲल्युमिनियम फॉइलचे चौकोन चारही कडांनी टेपने चिकटवून गेला होता. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला पाणी धरलं तर हवेतली ओल, भिंतीकडच्या बाजूला धरलं तर भिंतीतली. आज सुपरवायझरच्या समोर फॉइल काढली. मागची बाजू ओली, पुढची कोरडी.

मग ओलावा मोजायचं यंत्र. खिडकीच्या खालच्या कडेला आकडा सगळ्यात वर, बाजूला सरकू तसा उतरत जातो, आतल्या भिंतीवर अगदी कमी. हवेतली ओल असती तर तिने खिडकीचा एकच कोपरा धरून ठेवला नसता.

या इमारतीच्या भिंती विटांच्या नाहीत. ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेल्या आहेत, हल्लीच्या बहुतेक टॉवरसारख्या. साचा धरून ठेवणाऱ्या सळ्या काढल्या की भिंतीत आरपार भोकं राहतात. ती पूर्ण खोलीपर्यंत भरायची असतात. घाईत नुसतं तोंड लिंपलं की आत पोकळी राहते आणि पावसाच्या झोताला वाट मिळते. आतून वर जिप्समचा गिलावा, दिसायला गुळगुळीत पण पाण्याचा वैरी. त्यात खिडकीच्या ग्रॅनाइटला बाहेरच्या बाजूला उतार हवा, तो इथे आत आहे. लेव्हल लावून फोटो काढला. चौकटीभोवतीचं सिलिकॉन दोन ठिकाणी सुटलेलं. वर सज्जा नाही. जुन्या इमारतींत हातभर सज्जा असायचा, तो दर्शनी भाग सुबक दिसावा म्हणून गेला आणि पश्चिमेचा सगळा पाऊस खिडकीवर आला. याबद्दल मी कुणाही आर्किटेक्टशी तासभर भांडायला तयार आहे.

शेवटी ग्रॅनाइटच्या बाहेरच्या कडेवर पाइपने हळू पाणी सोडलं, सगळ्यांसमोर. काही वेळाने आत स्कर्टिंगच्या सांध्यातून पाणी डोकावलं. व्हिडिओ एका सलग फितीत घेतला.

सकाळी 11.40

आता कागदाची बाजू. सुपरवायझर म्हणाला, ‘ग्रिल यांनी बसवलंय. त्यामुळे वॉरंटी संपते.’ करारात खरंच तसं कलम आहे: ग्राहकाने बदल केल्यास दोषदायित्व संपुष्टात. शेजारीच, तापमानातल्या फरकामुळे पडणारे केसासारखे तडे दोष धरायचे नाहीत. आणि दोषाचा दावा करण्याआधी तज्ज्ञाची पाहणी हवी. अशी कलमं अनेक करारांत असतात. ग्रिलचे स्क्रू कुठे आहेत ते मी मोजून लिहिलं: चौकटीच्या वरच्या भागात. पाणी येतंय खालून. बदल केला म्हणून सगळंच गेलं असं होत नाही, त्या बदलाचा या गळतीशी संबंध दाखवावा लागतो, असं माझं मत आहे आणि अहवालात ते मत म्हणूनच जाईल.

‘आम्ही दोनदा रंग करून दिला की,’ तो म्हणाला.

स्थावर संपदा कायदा, 2016, म्हणजे रेरा, कलम 14(3). ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा, कारागिरीचा, दर्जाचा दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर त्याने तो पैसे न घेता 30 दिवसांत दुरुस्त करायचा. नाही केला तर खरेदीदार भरपाईला पात्र. कायदा दोष दुरुस्त करायला सांगतो, डाग झाकायला नाही. आजवरचे दोन्ही रंग भिंतीच्या आतल्या बाजूने झाले आणि बाहेर कुणी हातही लावला नाही. या घराची पाच वर्षं ऑक्टोबर 2029 पर्यंत आहेत. पण तोवर दर दिवाळीला रंग मारून घेतला, तर मुदतही जाईल आणि भिंतीवरचा पुरावाही.

पाहणीच्या टिपणावर सही करायला सुपरवायझरने नकार दिला, ‘वरून परवानगी नाही.’ ठीक. मालकांनी तिथल्या तिथे टिपण फोटोंसह बिल्डरला ईमेल केलं, कोण कोण हजर होतं ते लिहून.

दुपारी 1.30

गाडीतच डबा. पोळी-भेंडी.

दुपारी 2.30

कल्याण. इथे फ्लॅट पुन्हा विकलेला; आजच्या मालकांनी तो गेल्या वर्षी पहिल्या मालकाकडून घेतला. त्यांना वाटत होतं की बिल्डरशी आपला काही संबंध नाही. तसं नाही. कायद्यातल्या ‘वाटपग्राही’च्या व्याख्येत नंतर विक्रीने घेणाराही येतो, भाडेकरू मात्र येत नाही. पण घड्याळ पहिल्या ताब्यापासून चालतं. पाच वर्षं पुढच्या मार्चमध्ये संपतात.

इथली ओल बाथरूमच्या छताला. वरच्या मजल्यावर पाणी साठवून बघायला हवं, वरचे काका तयार नाहीत. त्यांनी मागच्या वर्षी टाइल्स बदलल्या आहेत. म्हणजे इथे बिल्डरवर बोट दाखवणं कठीणच. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने काढायची, सदस्याच्या स्वतःच्या संडास-बाथरूमची त्या सदस्याने. सेक्रेटरींना पत्राचा मसुदा करून दिला. काकांना भेटायलाही गेले. चहा मिळाला, परवानगी नाही.

संध्याकाळी 5.00

ऑफिस. घोडबंदरवाल्यांच्या वकिलांचा फोन. त्यांना माझ्याकडून कारण, पुरावा आणि दुरुस्तीचा खर्च एवढंच हवं असतं. नोटीस आजच जाणार, ईमेलने आणि स्पीड पोस्टाने. (2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तरी अजून सगळे ‘आरपीएडीने पाठवा’ म्हणतात.) 30 दिवसांत बाहेरून दुरुस्ती झाली नाही तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार, शुल्क 5,000 रुपये. दोन्ही बाजू राजी असतील तर तिथे सलोखा मंचही आहे, ग्राहक संघटना आणि बिल्डर संघटना अशा दोघांचे प्रतिनिधी बसतात. भरपाईचा आकडा न्यायनिर्णय अधिकारी ठरवतात.

ग्राहक आयोगाचा रस्ताही बंद नाही. रेरा आहे म्हणून तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच सांगितलं. घराची किंमत 1 कोटी 10 लाख, म्हणजे जिल्हा नाही, राज्य आयोग. पण तिथे मुदत दोन वर्षांची. पहिला डाग जून 2025 चा धरला तर जून 2027 नंतर वाद वाढतो. म्हणून वकील म्हणतात, वाट बघायची ती महिन्याची, वर्षाची नाही.

संध्याकाळी 7.30

अहवाल. फी घरमालक देतात हे मी पहिल्या पानावर लिहिते, म्हणजे समोरच्याला शोधून काढायला नको. ‘निकृष्ट’, ‘फसवणूक’ हे शब्द खोडते, ते वकिलांचे. भोकं अर्धवट भरली आहेत असं मी ठामपणे लिहू शकत नाही, भिंत फोडलेली नाही. म्हणून ‘शक्यता’. खिडकीचा उलटा उतार आणि सुटलेलं सिलिकॉन मात्र डोळ्यांनी दिसलेलं, तिथे ‘आढळले’. दुरुस्तीचा क्रमही लिहिते: बाहेरून झुल्यावरून सांधे आणि भोकं भरणं, ग्रॅनाइट काढून उतार देऊन बसवणं, पाणी सोडून चाचणी, भिंत वाळू देणं, ओला जिप्सम काढणं. रंग शेवटी.

रात्री 9.10

घोडबंदरहून मेसेज: ‘मॅडम, साइट ऑफिसचा फोन आला होता. उद्या सकाळी पेंटर पाठवतायत. घेऊ का?’

उत्तर दिलं: नको. आत्ताच ईमेल करा की आधी बाहेरची दुरुस्ती, मग रंग. आणि पेंटर आलाच तर त्याचा दारातला फोटो काढून तोही त्याच ईमेलला जोडा.