पूर्णगडचा रफार

एसटीच्या पाटीवरची दोन नावे घ्या: रत्नागिरी आणि पूर्णगड. वाचता येणाऱ्याला ती पाव सेकंदात कळतात. आता जरा थांबून पुन्हा बघा. ‘पूर्णगड’ म्हणताना र् चा उच्चार ण च्या आधी होतो, पण त्याची खूण, म्हणजे रफार, ण च्या डोक्यावर बसतो. ‘रत्नागिरी’त ग आधी उच्चारायचा आणि इ नंतर, पण वेलांटी मात्र ग च्या आधीच उभी. ‘पू’चा ऊकार खाली लोंबतो, ‘त्ना’मधला अर्धा त न ला बिलगतो. मराठी वाचणाऱ्याचे लक्ष असे वर, खाली, मागे, पुढे फिरते, आणि विखुरलेल्या या खुणा मेंदू पुन्हा बोलण्याच्या क्रमाने लावतो. बाराखडीतली चारशेच्या आसपास रूपे आणि वर जोडाक्षरे, एवढा पसारा सहा-सात वर्षांचे मूल पेलते. मला तर एखाद्याला वाचता येत नाही यापेक्षा बाकीच्यांना येते कसे, याचेच नवल जास्त वाटते.

कारण बोलण्यासाठी कोणी शाळेत जात नाही. पूर्णगडला मुचकुंदीच्या खाडीकाठी वाढणारे मूल उधाण, भांग, बांगडा, तारली हे शब्द नुसते कानावर पडून उचलते. लिपी मात्र माणसाकडे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी आली आणि अगदी परवापर्यंत ती मूठभर लोकांचीच होती. वाचनासाठी मेंदूत स्वतंत्र जागा घडायला उत्क्रांतीला वेळच मिळाला नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान यांचे म्हणणे असे की मेंदू जुनीच जागा नव्या कामाला लावतो. डाव्या बाजूला, मागच्या-खालच्या अंगाला, चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागांच्या शेजारी एक लहानसा पट्टा असतो. वाचायला शिकता शिकता तो अक्षरांचा होतो. चिनी वाचणाऱ्याचा, फ्रेंच वाचणाऱ्याचा, देवनागरी वाचणाऱ्याचा, सगळ्यांचा जवळपास त्याच ठिकाणी. लखनऊजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक तिशीतल्या बायका, सहा महिने देवनागरी शिकवून त्यांच्या मेंदूची चित्रे काढली गेली. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, एवढ्या वयातही मेंदूच्या आतल्या जोडण्या बदललेल्या दिसल्या.

या जुळणीत एक कळीचे काम कानाचे असते. अक्षराची गाठ ध्वनीशी घालायची, तर आधी शब्दातले ध्वनी सुटे ऐकू यावे लागतात. ‘पूर्ण’मधला र् वेगळा काढता यावा लागतो. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अडचण, असलेल्या बहुतेक मुलांना नेमके हेच जड जाते. त्यांना ऐकू नीट येते, दिसते नीट, समजही पुरेपूर असते. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत लिहिली. मुलगा हुशार, खेळात तरबेज, पण वाचन जवळजवळ शून्य. सगळे तोंडी शिकवले तर शाळेत हाच पहिला येईल, असे त्याच्या मास्तरांचे मत होते. स्वतःचे नाव त्याने ‘प्रेसी’ असे लिहिले. र ची जागा तिथेही चुकली! मॉर्गन यांनी या प्रकाराला ‘शब्दांधत्व’ म्हटले, आणि दोष डोळ्यांत आहे ही समजूत तेव्हापासून चिकटली ती अजून सुटलेली नाही. आजही कितीतरी आईवडील आधी मुलाच्या चष्म्याचा नंबर तपासायला जातात.

लिपीप्रमाणे डिस्लेक्सियाचे रूपही बदलते. 2001 मध्ये इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचणारे डिस्लेक्सिक तरुण शेजारी शेजारी ठेवून पाहिले गेले. इटालियन जसे लिहावे तसेच वाचले जाते, म्हणून इटालियन तरुण बाकीच्या दोन गटांपेक्षा बरे वाचत होते. मेंदूच्या चित्रात मात्र तिन्ही गटांचा तोच भाग कमी उजळला होता. जपानमध्ये वाढलेल्या, घरी इंग्रजी बोलणाऱ्या एका मुलाचे उदाहरण तर थक्क करते: जपानी तो उत्तम वाचायचा, इंग्रजीत मात्र तो डिस्लेक्सिक होता.

मराठीचा स्वभाव इटालियनच्या जवळचा. अक्षर ओळखले की उच्चार बहुतेक ठरलेलाच. त्यामुळे आपली मुले धडपडत का होईना, बरोबर वाचतात, फक्त फार हळू वाचतात. एक ओळ संपेपर्यंत आधीची विसरली जाते. चुका कमी म्हणून शंका येत नाही, आणि संथपणाला आपल्याकडे एकच नाव मिळते: आळस. हे नाव मुलाच्या मनावर किती खोल जाते ते मी पाहिले आहे, आणि ते मला असह्य होते. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आले. तिथे उच्चाराचा भरवसा नाही, म्हणून झाकलेली अडचण तिथे एकदम उघडी पडते. मग घरचे म्हणतात, याला इंग्रजीच येत नाही.

आकड्यांतही मराठीचा एक पेच आहे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात, लिहायचा मात्र सहा आधी. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘साठ तीन’ धर्तीचे वाचन आले तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्याची बाजू मांडली होती. मला ती पटते.

घरच्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी: डिस्लेक्सिया पुष्कळदा रक्तातून येतो. 2022 मध्ये पन्नास हजारांहून अधिक डिस्लेक्सिक व्यक्तींच्या जनुकीय माहितीत याच्याशी संबंध असलेल्या 42 जागा सापडल्या. तो घडवणारे एकच जनुक असे नाहीच; बारीक बारीक बरेच काही मिळून हे घडते. म्हणून मुलाबरोबर बापालाही त्याच्या वाचनाबद्दल विचारावे. सोसायटीचा कागद आला की ‘चष्मा नाही जवळ’ म्हणून दुसऱ्याकडे सरकवणारे काका, शाळा चौथीत सोडून होडीवर गेलेले आजोबा, यांच्यातले काहीजण कदाचित हीच अडचण आयुष्यभर एकट्याने वाहत आले असतील.

उपाय काय, तर ध्वनी आणि अक्षर यांची गाठ सावकाश, पुन्हा पुन्हा, कान, तोंड, डोळा, हात सगळे लावून बांधणे. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी 1930च्या दशकात ही पद्धत बसवली. पंतोजींच्या शाळेतली पोरे धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवत मोठ्याने म्हणायची, तेव्हा त्यातला अर्धा भाग आपल्याकडे चालूच होता. पूर्णगडच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूची तोटा नसलेली पाटी आहे. तिच्यावर हातभर मोठा ‘र्ण’ काढायचा आणि काढताना आधी र्, मग ण असे म्हणायचे.

हक्कही आहेत. महाराष्ट्राने 1996 पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुका न धरणे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता देशभरासाठी आली. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये ‘डाली’ हा चाचणीसंच काढला, तो मराठीतही आहे. पण मुंबईच्या शीव रुग्णालयासारखी वर्षानुवर्षे अशी तपासणी करणारी ठिकाणे पूर्णगडपासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहेत आणि खाडीकाठच्या घराला एक फेरी म्हणजे काही दिवसांची मजुरी. म्हणून दहावीच्या फॉर्मची वाट पाहू नये. दुसरी-तिसरीतच बाईंशी बोलावे. कागदपत्रे होईपर्यंत घरी धडा कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा, उत्तरे तोंडी घ्यावीत, आणि मुलाला काय काय कळले आहे ते बाईंना जाऊन सांगावे.