पुट्टीखालचा पत्रा

जुनी प्रीमियर पद्मिनी दारात उभी राहिली की आधी चर्चा नव्या रंगाची होते. रंगाआधी एक चुंबक घ्या. मऊ फडक्यात गुंडाळून ते चाकांवरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, दाराखालची पट्टी यांवरून फिरवा. जिथे पकड ढिली पडते, तिथे पुट्टी जाड आहे. १९७४ पासून या नावाने कुर्ल्यात बनलेल्या गाडीला वेगळी चेसिस नाही. सगळा भार बॉडीच पेलते, त्यामुळे पुट्टीआडचा गंज गाडीचं बळ खातो.

लातूर-नांदेडकडे जुना रंग आणि पुट्टी उतरवायचं काम कोरड्या दिवसांतच काढावं. पावसाळी दमट हवेत उघड्या पत्र्यावर काही तासांतच तांबूस झाक येते. पण एप्रिल-मे मधल्या उन्हात रिमूव्हर लगेच वाळतो. म्हणून सकाळी, सावलीत, एका वेळी एकच पॅनल घ्या. रिमूव्हरचा जाड हात द्या, वर प्लास्टिक पसरा आणि रंग सुरकुतला की स्क्रॅपरने खरवडा. काही रिमूव्हरांत मिथिलीन क्लोराइड असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बंद शेडमध्ये जीव घेऊ शकते. तोंडाला बांधलेला रुमाल तिथे काहीच कामाचा नाही.

खरवडताना खालचा मूळ रंग दिसला तर थांबून त्याचा फोटो काढा. मला हा या कामातला सगळ्यात मोलाचा क्षण वाटतो.

घरगुती रंगांतल्या शिशावर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आली; गाडीच्या जुन्या थरांत मात्र शिसं असू शकतं. उरलेला रंग वॉटरपेपरने ओलाच घासा, म्हणजे धूळ उडणार नाही. पुट्टीचं याच्या उलट आहे: ती पाणी शोषते आणि ते पत्र्यापर्यंत पोचवते. म्हणून वरचा रंग पूर्ण निघाल्यावर हीट गनने पुट्टी मऊ करून उचला, बाकीची ८० नंबरच्या कागदाने कोरडी घासा, तीही चांगला मास्क लावून. घाईने ग्राइंडर लावलात तर उष्णतेने टपाचा पत्रा लहरी धरतो. टप आणि बॉनेटवर सँडब्लास्टिंगही नको.

सांध्यांत अडकलेला रिमूव्हर पुढे नवा रंग उचलतो, तेव्हा कडा नीट धुऊन वाळवा. कुजलेला पत्रा कापून नवा जोडा, पोचा हातोडी-डॉलीने काढा. मग पत्रा ग्रीसमुक्त करून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर द्या. त्यानंतरही खळगा उरलाच, तर पुट्टीचा पातळ हात पुरतो.