पत्र्याच्या कारखान्यातून आलेलं संगीत

मेटल म्हणजे धातू. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्याची हयात गेली, त्याला हा शब्द नवा नाही. पत्रा, पट्टी, सळई, सगळं हाताखालून गेलेलं. आवाजही सवयीचा. पॉवर प्रेसच्या खात्यात आठ तासांची पाळी करून बाहेर पडलं की शांतताही कानात वाजते. पण ‘हेवी मेटल’ नावाचं संगीत असतं आणि लोक तिकीट काढून ते ऐकायला जातात, हे आमच्या घरात कळलं ते लेक कॉलेजात गेल्यावर.

१ फेब्रुवारी २००८. ‘आयर्न मेडन’ या इंग्लंडच्या बँडच्या जगभराच्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात होता. या मंडळींचा गायक ब्रूस डिकिन्सन हा परवानाधारक वैमानिक. वाद्यं, सामान आणि माणसं भरलेलं बोईंग ७५७ विमान तो स्वतः चालवत दौऱ्यावर निघाला होता! सौ.ची अट एकच, रात्रीचं पोरीला एकटं पाठवायचं नाही. तेव्हा सोबतीला मी. कारखान्यातले कानात घालायचे बोळे खिशात टाकले आणि पनवेलहून कुर्ल्याची लोकल पकडली.

वाटेत लेकीने माझा वर्ग घेतला. “बाबा, हे संगीत तुमच्याच खात्यातून आलंय,” ती म्हणाली.

गोष्ट बर्मिंगहॅमची. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा तिथे पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ सालचा त्याचा तिथला शेवटचा दिवस. गैरहजर कामगाराच्या जागी त्याला मशीनवर उभं केलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका हाच. सगळं संपलं असं धरून बसलेल्या त्या पोराला कारखान्यातल्या वरिष्ठाने जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. आगीत भाजून दोन बोटं निकामी झालेला हा गिटारवादक उरलेल्या बोटांवर जग जिंकून गेला होता. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, त्यांवर चामडं चढवलं, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या उतरवून सैल केल्या. त्यातून खालच्या पट्टीतला जड नाद आला. १९७० साली त्याच्या ‘ब्लॅक सबाथ’ची पहिली रेकॉर्ड निघाली आणि हेवी मेटलचा पाया पडला, असं जाणकार मानतात.

मैदानात पोहोचलो तर संक्रांत उलटून पंधरवडा झालेला, पण हजारो पोरं काळ्या कपड्यांत! बोळे घातले, तरी ढोलाचा ठोका छातीत बसत होता. तीन गिटारी एकाच सुरावटीवरून हातात हात घालून धावायच्या. मग लेकीने खूण केली आणि तेरा मिनिटांहून मोठं गाणं सुरू झालं. कोलरिजची १७९८ सालची दीर्घकविता त्याचा आधार. समुद्रपक्ष्याला मारणारा खलाशी, वारा पडून अडकलेलं जहाज, तहानेने व्याकुळ झालेले सोबती. कीर्तनकाराने पूर्वरंग आटोपून आख्यान लावावं, तशी ती कथा उलगडत गेली. मध्येच सारा कल्लोळ थांबला. जहाजाची लाकडं करकरल्याचा आवाज तेवढा उरला. हजारोंचा तो जमाव कीर्तनाला बसल्यासारखा ऐकत होता. मी बोळे काढले.

युरोपातल्या काहींनी पुढे याच संगीताला सिंफनी ऑर्केस्ट्राची आणि ऑपेराच्या गळ्याची जोड दिली. फिनलंडमध्ये १९९६ साली निघालेला ‘नाईटविश’ हा त्यातला लेकीचा लाडका. परतीच्या लोकलमध्ये तिने एक इअरफोन माझ्या कानात अडकवला, दुसरा तिच्या.

माझ्या डोक्यात मात्र बर्मिंगहॅमच होतं. आमच्या वसाहतीत प्रेसवर हात सापडणं ही नवलाईची गोष्ट नव्हती. माझ्या ओळखीचा एक ऑपरेटर गावच्या भजनात पखवाज वाजवायचा. मशीनने दोन बोटं नेली, तेव्हापासून पखवाज खुंटीला होता. वर्गणी निघाली, भरपाई मिळाली, हलकं काम मिळालं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्याला आयोमीची गोष्ट सांगितली. टोपणं कशी केली हे तो विचारील असं वाटलं होतं. त्याने विचारलं, “ती रेकॉर्ड कोणी आणून दिली म्हणालास?”

५ जुलै २०२५ ला ‘ब्लॅक सबाथ’चा अखेरचा कार्यक्रम बर्मिंगहॅममध्येच झाला. आयोमी सत्त्याहत्तर वर्षांचा होता. साठ वर्षं तो टोपणं घालूनच वाजवत आला. आमच्या पखवाजियाने डबा बंद करता करता विचारलेला तो प्रश्न मात्र अजून माझ्याजवळच आहे. हात गेलेल्या माणसाला भरपाई देणारा कायदा आहे. रेकॉर्ड आणून देणारं माणूस भेटावं लागतं.