मेळघाट : किल्ल्यापलीकडची दोन शतकं

मेळघाटातल्या चिखलदऱ्याला गेलेला माणूस गाविलगडचा किल्ला पाहतो आणि मेळघाटचा इतिहास पाहिला असं समजतो. त्या इतिहासाच्या सनावळ्या पाठ आहेत. 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. 1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. पुढे चिखलदऱ्यावर साहेबांचे बंगले उठले, कॉफीचे मळे लागले आणि सागवानाचं जंगल सरकारने राखीव केलं.

कोरकू आदिवासी मात्र या डोंगरात या सगळ्याच्याही कितीतरी आधीपासून नांदत आलेत. त्यांची भाषा संथाळी-मुंडारीच्या कुळातली. जॉन ड्रेक या मिशनऱ्याने 1903 मध्ये तिचं व्याकरण छापलं. कोरकूंनी स्वतः आपल्या आठवणी लाकडावर कोरून ठेवल्या. गेलेल्या माणसाची सिडोली, म्हणजे स्मृतिविधी, करताना सागाचा मुंडा, म्हणजे कोरीव स्मृतिखांब, घडवतात. त्यावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार, हात धरून नाचणारी माणसं असतात. उन्हापावसाने करडा पडलेला असा मुंडा हा त्या घराण्याचा दस्तऐवजच असतो.

बाहेरून आलेले सगळेच मालक म्हणून आले नाहीत. म्हशी घेऊन आलेले गवळी मोथ्यासारख्या गावांत स्थिरावले, त्यांच्या खव्याने चिखलदऱ्याचा बाजार चालला. कोरकूंची गुरं राखणारे ठाट्याही याच मातीचे झाले.

खरी उलथापालथ व्याघ्र प्रकल्पाने झाली. 1973-74 मध्ये देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट आला. या प्रकल्पासाठी या शतकात बोरी, कोहा, कुंड, नंतर केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा, धारगड अशी गावं उठून अकोला जिल्ह्यात, अकोट-तेल्हाऱ्याकडच्या सपाटीवर आली. मोह, तेंदू, नदीकाठ सगळं मागे राहिलं. जमीन आणि सोयींच्या तक्रारी घेऊन काही कुटुंबं जंगलात परतली. जानेवारी 2019 मध्ये केलपाणीला त्यांची वनविभागाशी चकमक झाली.

याच काळात अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरने दुसरी वाट दाखवली. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने उजाड रान राखलं, सीताफळ विकून रोजगार उभा केला. जंगल आणि माणूस एकत्र जगू शकतात, हे कोरकूंनीच करून दाखवलं.

म्हणून यापुढे कुठलंही गाव उठवण्याआधी तिथल्या ग्रामसभेचं म्हणणं मनापासून ऐकलं पाहिजे. तिथले मुंडे, देवस्थानं आणि जुन्या जागांची नावं कोरकू जाणत्यांना सोबत घेऊन नोंदवली पाहिजेत. गाविलगडाचे दगड आपण वारसा म्हणून जपतो. सागाच्या मुंड्यांचाही तेवढाच हक्क आहे.